कमिशन न घेणारा एजंट

‘फ्री एजंट’ हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मी चहा गाळत होते, आणि मला वाटलं, चला, देव पावला.

जूनचा शेवटचा शुक्रवार होता, कुवेतमधला सुट्टीचा वार. बाहेर ऊन भाजून काढत होतं, म्हणून पडदे ओढून आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो. नवरा खुबूसच्या रोटीत अंडं गुंडाळून खात होता. सोळा वर्षांची लेक फोनमध्ये डोकं घालून बसली होती आणि मान वर न करताच म्हणाली की तिचा आवडता बास्केटबॉलवाला आता फ्री एजंट होणार. मी गाळणी तशीच हातात धरून विचारलं, “कमिशन घेत नाही का तो? मग नंबर घेऊन ठेव त्याचा.”

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. पण माझं काय चुकलं? इतकी वर्षं कुवेतमध्ये काढलेल्या माणसाला एजंट म्हटलं की एकच प्राणी डोळ्यांसमोर येतो: नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणारा आणि नंतर फोन न उचलणारा. ‘फ्री’ या शब्दावर तर माझा मुळीच विश्वास नाही. फ्री व्हिसा नावाच्या गोष्टीसाठी लोकांनी आईचे दागिने मोडलेले मी पाहिलेत. त्यामुळे जगात खरोखरच फुकट काम करणारा एजंट निघाला असेल, तर तो हातचा जाऊ देऊ नये एवढंच मला कळत होतं. शिवाय त्या दिवसांत मला एजंटची गरज होती.

मी लॅब टेक्निशियन, मूळची नाशिकची. फहाहीलमधल्या एका खासगी पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं रक्त तपासत होते. नवरा शुऐबात एका पेट्रोकेमिकल प्लांटवर इंजिनीअर, घर मंगफला, दोघांचीही कामं जवळ, सगळं कसं सोयीचं. आणि त्या वर्षी तिकडे कुवेत शहरात, शर्कमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलने मला बोलावलं. रक्ततपासणीचा अख्खा विभाग सांभाळायचा होता. मुलाखत झाली, त्यांनी हो म्हटलं, आणि उठता उठता सांगितलं की येताना तनाझुल घेऊन या.

तनाझुल म्हणजे जुन्या मालकाचा कागद. ही बाई मी सोडली, हिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आता तुमच्याकडे घ्या, असं त्यात लिहिलेलं असतं. आपली माणसं त्याला ‘रिलीज’ म्हणतात. तो मिळाला तर तुम्ही दुसरीकडे. नाही मिळाला तर आहात तिथे, नाहीतर विमानात. आमच्या क्लिनिकचा कफील, म्हणजे मालक, कुणालाच तनाझुल देत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले होते. सांगणारा होता मंदूब, म्हणजे क्लिनिकची सरकारी कागदपत्रं घेऊन कचेऱ्यांत फिरणारा माणूस. तो हैदराबादचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण असल्या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं, “कफील नक्को बोलते, मॅडम.” या वेळीही विचारून पाहिलं होतं. नक्कोच.

मला जायचं का होतं, तेही सांगते, कारण इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी मला तेच विचारलं होतं आणि त्यात ‘तुला काय कमी आहे’ हा सूर होता. चार वर्षं माझा पगार जागचा हलला नव्हता. दर वर्षी आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, दोन्ही हात पसरून सांगायचा की तुझ्या ग्रेडची कॅप आली, मी काय करू. लॅबवाल्यांना कॅप म्हटलं की ट्यूबचं झाकण आठवतं: जांभळं असेल तर रक्तपेशींची मोजणी, निळं असेल तर रक्त गोठण्याची चाचणी. माझ्यावर कोणत्या रंगाचं बसवलं होतं कुणास ठाऊक. तेही मी सोसलं असतं. पण आदल्या वर्षी केरळची एक नवी मुलगी आली. हुशार, नम्र, आणि सुरुवातीला मशीनला हात लावायलाही घाबरणारी. तिला सगळं मी शिकवलं. एक दिवस तिची पगाराची चिठ्ठी प्रिंटरवर राहिली होती, ती उचलताना माझी नजर गेली. तिला माझ्यापेक्षा जास्त होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली, आणि त्या दुपारी एका नमुन्यावर दुसऱ्याचं लेबल लावता लावता थोडक्यात वाचले. असं माझ्या हातून कधी होत नाही.

तर त्या शुक्रवारी लेकीने हसू आवरलं आणि मला समजावायला घेतलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा करार संपला की तो फ्री एजंट होतो. मग तो कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा. यातला एजंट म्हणजे दुसरा कुणी नाही, तो खेळाडू स्वतःच. पण संघांना मात्र वाट्टेल तेवढे पगार वाटता येत नाहीत. लीगने सगळ्या संघांना सारखीच मर्यादा घातलीय, तिला सॅलरी कॅप म्हणतात. कॅप म्हटल्यावर मी चहा बाजूला ठेवला.

ती उठली आणि ओट्यावरून मिसळणाचा डबा घेऊन आली. तिचं मराठी नाश्त्यापुरतं आणि गणपतीपुरतं. जरा अवघड विषय निघाला की इंग्रजी सुरू होतं. पण डबा मला लगेच समजला. डबा म्हणजे संघ. आतल्या वाट्या म्हणजे खेळाडू, कुणाची वाटी मोठी, कुणाची लहान. झाकण म्हणजे कॅप. बाहेरचा खेळाडू आणायचा तर झाकण लागेल एवढी जागा डब्यात हवी. नसेल तर संघाकडे दोन-तीन छोट्या सवलती असतात, तेवढ्या पगारात कुणी यायला तयार असेल तर येतो. म्हणून मोठा खेळाडू नावाला मोकळा झाला तरी त्याला हव्या त्या संघात हवा तो पगार मिळतोच असं नाही. काही संघ तर जागा करण्यासाठी आधी स्वतःच्या वाट्या काढून दुसऱ्यांना देऊन टाकतात.

“म्हणजे तुझा मुदीर खोटं बोलत नाही,” नवरा म्हणाला. “कॅप असते.”

“बाबा, वेट,” म्हणत लेकीने झाकण डब्यावर तिरकं ठेवलं. खेळाडू आपलाच असेल, तीन वर्षं आपल्याकडे खेळलेला असेल, तर त्याला ठेवून घेण्यासाठी संघाला कॅप ओलांडता येते. झाकण नीट लागलं नाही तरी चालतं. नियमच तसा केलाय, घरचा माणूस कॅपपायी हातचा जाऊ नये म्हणून. आणि जितकी वर्षं खेळण्यात जास्त गेली, तितकी त्याच्या पगाराची वरची हद्दही जास्त.

मी त्या तिरक्या झाकणाकडे बघत राहिले. तिथे घरच्यासाठी झाकण उघडं ठेवतात आणि बाहेरच्याला जागा पाहून घेतात. आमच्याकडे सगळं उलटं, बाहेरच्याला झाकण उघडं आणि घरच्यावर दाबून बसवलेलं. मुदीरचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. चार वर्षं त्याने कॅप हा शब्द उच्चारला की मी वाद संपला असं समजून मुकाट्याने त्याच्या केबिनमधून उठून येत होते.

नवऱ्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. “अगं, पाण्यात राहून माशाशी वैर नको,” तो म्हणाला. माणूस चांगला आहे. पण प्लांटवर त्याचं अख्खं आयुष्य प्रेशर वाढू न देण्यात गेलंय आणि घरीही तो तेच करतो.

लेकीचं अजून संपलं नव्हतं. फ्री एजंट दोन तऱ्हेचे असतात, ती म्हणाली. नवख्या खेळाडूचा पहिला करार संपला की बहुतेक तो ‘रिस्ट्रिक्टेड’ असतो. दुसऱ्या संघाने त्याला पगार देऊ केला, तर जुन्या संघाला तेवढाच पगार देऊन त्याला परत ठेवून घ्यायचा हक्क असतो. त्याला ‘मॅच’ करणं म्हणतात. खेळाडूने नको म्हणून चालत नाही. मुरलेला खेळाडू मात्र ‘अनरिस्ट्रिक्टेड’. त्याला कुणी अडवू शकत नाही. एवढं सांगून तिने पहिल्यांदा फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “आई, तू तिथे इलेव्हन इयर्स आहेस. मग तू अजून रिस्ट्रिक्टेड कशी?”

मी म्हटलं, बाळा, हे कुवेत आहे, बास्केटबॉल नाही. इथे आपण कायमचे रिस्ट्रिक्टेड.

“पण हा रूल लिहिलाय कुठे?” ती म्हणाली. “हू टोल्ड यू?”

मंदूबने, असं मी म्हणणार होते. अकरा वर्षं ज्या नियमाखाली मी जगत होते तो नियम मी वाचलेला नव्हता. नव्या मशीनचं मॅन्युअल शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्यात नमुना न घालणारी मी, आणि स्वतःच्या आयुष्याचा नियम मात्र एका ‘नक्को’वर मान्य करून बसले होते. याला शिकलेली बाई म्हणतात.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, रजा टाकून मी कामगार खात्याच्या कचेरीत गेले. नवरा बरोबर येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. तो आला असता तर त्याने खिडकीशी पोचताच आधी माफी मागितली असती. टोकन घेऊन बसले. बऱ्याच वेळाने नंबर लागला. काचेमागे एक कुवेती बाई होती, समोर चहाचा छोटा पेला. मी माझ्या मोडक्या अरबीत थोडं इंग्रजी घालून विचारलं. तिने माझा सिव्हिल आयडी घेतला, स्क्रीन पाहिली आणि कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की खासगी नोकरीत तीन वर्षं झाली असतील तर नोटीस द्या, तिची मुदत भरा आणि बदली करून घ्या, मालकाची संमती लागत नाही. मला खरं वाटेना, मी परत विचारलं. तिने तीन बोटं वर केली. “थलाथ सनीन. खलास.” मग पुन्हा स्क्रीनकडे बघून म्हणाली, तुमची तर केव्हाच झाली आहेत.

गाडीचं स्टिअरिंग हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं, तरी मी ते धरून बसले. इतकी वर्षं मी मोकळी होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. मधल्या काळात दोन चांगल्या जागा मी सोडल्या होत्या. एकीच्या तर मुलाखतीलाही गेले नव्हते, तनाझुल मिळणार नाही तर उगाच कशाला म्हणून. मला कुणी बांधलेलं नव्हतं. बांधलंय एवढं फक्त सांगितलं होतं, आणि दोर धरून उभी मीच होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि खरं सांगायचं तर तो संताप फार दिवसांनी चांगला वाटला.

मंगळवारी सकाळी मी नोटिशीचा कागद मुदीरच्या टेबलावर ठेवला. आमचा मुदीर लेबनानचा. त्यांच्याकडे बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखं, त्याच्या केबिनमधल्या टीव्हीवर बातम्यांऐवजी तेच लागलेलं असे. त्याने कागद वाचला, दोन्ही हात पसरले आणि कॅपचं पुराण सुरू केलं. या वेळी मी उठले नाही. मी म्हटलं, तुम्ही बास्केटबॉल बघता, म्हणजे घरच्या खेळाडूसाठी कॅप ओलांडता येते हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. तिथे तीन वर्षं पुरतात, मी अकरा दिलीत. नव्या मुलीसाठी तुमच्या डब्यात जागा निघाली, ती कुठून निघाली?

तो मनापासून हसला. हे कुणी शिकवलं म्हणाला. लेकीने, मी म्हटलं. मग तो गंभीर झाला. तिथली कॅप मालक आणि खेळाडूंची युनियन एकत्र बसून ठरवतात, लीगची कमाई वाढली की कॅपही वाढते, इथे तसं काही नाही, इथे मालक सांगेल ती कॅप, असं त्याने मला समजावलं. त्याला वाटलं असावं की आता मी गप्प बसेन.

मी म्हटलं, मग तिला कॅप म्हणू नका, मर्जी म्हणा. मर्जीवर चार वर्षं राहिले, आता नाही राहायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा बोलावलं. चेहरा खुललेला होता. मालकाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि शर्कवाले देणार होते तेवढाच पगार द्यायला मालक तयार झाला होता. “वी मॅच,” तो म्हणाला, आणि सामना जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेलला. मी विचार करून सांगते म्हणाले.

इथे मी डगमगले, लपवत नाही. पगार तोच, घर दहा मिनिटांवर, मशीन ओळखीचं, सगळे पेशंट नावाने हाक मारणारे. शर्कला रोज जाता-येता ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाणार. नवऱ्याचं तर म्हणणं होतं की जिंकलीस ना, मग आता थांब. घरी मी गवार मोडत बसले होते, तेव्हा लेक येऊन म्हणाली की तिच्या खेळाडूचा निर्णय झाला. जुना संघ कॅप ओलांडून त्याला भरपूर द्यायला तयार होता. तो मात्र जागा नसलेल्या एका संघाकडे गेला, त्या छोट्या सवलतीतल्या कमी पगारावर. मूर्ख आहे का तो, मी विचारलं. ती म्हणाली, “नो. ही जस्ट वॉन्टेड टू चूज.” त्याला निवडायचं होतं. मी गवार बाजूला ठेवली. मला पगारवाढ हवी होती असं मी चार वर्षं समजत होते. ती मिळाली तेव्हा कळलं की मला ती मागायला लागू नये असं हवं होतं, आणि ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

सकाळी मी मुदीरला सांगितलं की मॅच करायचा हक्क रिस्ट्रिक्टेड खेळाडूवर असतो, मी तशी नाही. शिवाय हा पगार तुमच्याकडे काल होता तसा चार वर्षांपूर्वीही होता. त्याचं हसू गेलं. आता तो मॅनेजरच्या आवाजात बोलू लागला. तनाझुलचा अर्थ तरी तुला माहीत आहे का, त्याने विचारलं. अरबीत त्याचा अर्थ हक्क सोडणं. लीगमध्येही संघ खेळाडूवरचा हक्क सोडतो, तसंच हे. आणि आपला कफील हक्क सोडत नसतो.

इतकी वर्षं तो शब्द मी इकाम्याच्या कागदासारखा पर्समध्ये घेऊन फिरले होते आणि त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझ्यावर कुणाचा तरी हक्क होता आणि तो त्याने सोडावा म्हणून मी मंदूबच्या विनवण्या करत होते. पण लेकीने मला हेही शिकवून ठेवलं होतं. संघ हक्क सोडतो तो स्वतःच्या डब्यात जागा करण्यासाठी. तो सोडो की धरून बसो, मोकळा झालेला खेळाडू जायचा तो जातोच.

“मी तनाझुल मागितलेलंच नाही,” मी म्हटलं. “ज्याचा हक्कच उरला नाही, तो सोडणार काय?”

त्याने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नोटिशीचे तीन महिने त्यांनी मला जमेल तेवढा त्रास दिला. शुक्रवारच्या सगळ्या ड्युट्या माझ्या नावावर लागल्या. मंडळातल्या एका बाईंनी नवऱ्याला फोन करून सांगितलं की अशाने आपल्या लोकांचं नाव खराब होतं. मी त्यांना उलट फोन करून विचारलं, तुमची किती वर्षं झाली? त्या म्हणाल्या, नऊ. मग नियमाचं ऐकून घेतलं त्यांनी, चांगलं दोनदा. केरळच्या मुलीनेही एकदा सेंट्रिफ्यूज फिरत असताना हळूच विचारलं. तिचं जेमतेम दीड वर्ष झालेलं. मी तिला तीन वर्षं हा आकडा सांगितला आणि वर बजावलं की माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, नियम बदलतात, कचेरीत जाऊन स्वतः विचार आणि दर वर्षी विचार. मी माझ्याकडचं सगळं तिला शिकवलं होतं, पण हे आधी शिकवायला हवं होतं.

सप्टेंबरअखेर शेवटचा दिवस आला. बदलीचं काम तिकडे झालेलंच होतं, मालकाच्या कागदाशिवाय. इथे उरला होता फक्त क्लिनिकचा क्लिअरन्सचा फॉर्म. स्टोअरची सही झाली, चाव्या परत दिल्या, आयटीवाल्याने पासवर्ड बंद करून सही केली. सगळ्यात खाली एक चौकट होती: ‘रिलीज्ड बाय’. कुणी सोडलं. मंदूब म्हणाला की ती चौकट कफीलची, तो अजून लंडनहून परतलेला नाही, आल्यावर सही होईल. “थोडा ठैरो ना, मॅडम. इतने साल ठैरे.”

मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. अकरा वर्षं मी रोज ढीगभर रिपोर्टांवर इंग्रजीत सही केली होती. त्या चौकटीत मी मराठीत केली, पूर्ण नाव, वरची रेघ ओढून. मंदूबने कागद आधी सरळ धरला, मग उलटा धरून पाहिला. ही कफीलची नाही, मुदीरचीही नाही, मग ही सही कुणाची, असं त्याने विचारलं.

मी पेन त्याच्या खिशात परत खोचलं आणि सांगितलं, “जिसने छोड़ा, उसकी.”